एमएससाठी अमेरिका की जर्मनी? बाबा शेत लिहून द्यायले तयार आहेत

दारव्हा_मेकॅनिकल:
नमस्कार मंडळी, मी दारव्हा तालुक्यातला, यंदा मेकॅनिकल झालं, सीजीपीए ७.९, बॅकलॉग नाही. घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. नागपूरचा एक कन्सल्टंट म्हणते अमेरिकेले जा, ४५ लाख लागतील, लोन होऊन जाते. परवा बाबांनी सातबारा प्लास्टिकच्या पिशवीतून काढून माझ्या हातात देला अन् काहीच बोलले नाही, मले ते पाहवलं नाही. जर्मनीत फी नसते म्हणतात ते खरं आहे का, का मागून खर्च निघते?

वरुडकर:
सातबारा पहिले पिशवीत परत ठेव भाऊ. एज्युकेशन लोनले बँका शेतजमीन तारण म्हणून सहसा घेतच नाहीत, कारण सरफेसी कायद्यात शेतजमीन येत नाही, कर्ज थकलं तर बँकेला ती त्या कायद्यानं विकता येत नाही. घर नाहीतर एनए (बिनशेती) प्लॉट मागतात. माझ्या वेळी मॅनेजरनं सातबारा उलटून पाहिला अन् टेबलावरून तसाच सरकवला, बाबा बाहेर लिंबाखाली किती वेळ बसून होते. मग लोक सावकाराकडे जातात, तू ते करू नको. अन् कन्सल्टंटला काही कॉलेजांकडून कमिशन भेटते, तो जे नाव घोकते ते स्वतः तपास.

माग्देबुर्गहून:
हाव, सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, सेमिस्टरचे थोडे पैसे भरावे लागतात. पण स्टुटगार्ट, कार्लस्रूह ज्या राज्यात आहेत तिथं २०१७ पासून आपल्याले सेमिस्टरला १५०० युरो, अन् म्युनिकच्या टीयूत (टेक्निकल युनिव्हर्सिटीत) २०२४ पासून मास्टर्सले सेमिस्टरला ४००० ते ६०००. खरा भार ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे दाखवायचं खातं, वर्षाचे ११,९०४ युरो आधी जमा करा, मग महिन्याला ९९२ हातात येतात, पैसे तुझेच असतात पण एकदम उभे करावे लागतात. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली डिग्रीची कागदं खरी असल्याचा दाखला, आतापासूनच काढाले घे. वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येते, पण त्याच्याच भरवशावर येऊ नको. आणि जर्मन शिक रे बाप्पा! कोर्स इंग्रजीत असला तरी काम जर्मनमध्येच चालते. माझ्या इंटर्नशिपच्या तिसऱ्या दिवशी फोरमननं पाना मागितला, मले शब्दच कळला नाही, तो स्वतः उठून घेऊन गेला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोन तास जर्मन.

अमरावतीची_ताई:
अमेरिका वाईट नाही, इंजिनीअरिंगवाल्याला शिकून झाल्यावर ओपीटीचे, म्हणजे तिथं काम कराच्या परवानगीचे, तीन वर्ष भेटतात, पण पुढं एच-१बी हा नोकरीचा व्हिसा लॉटरीवर आहे अन् लोनचा हप्ता लॉटरीसाठी थांबत नाही. प्रोफेसरकडून असिस्टंटशिप (युनिव्हर्सिटीतच पगारी काम) पक्की झाली तरच जा म्हणते मी. राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्तीही पाय, अनुसूचित जातीसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, ओबीसींची वेगळी, रँकिंगची अट असते म्हणून युनिव्हर्सिटी निवडायच्या आधीच वाच.

दारव्हा_मेकॅनिकल:
सातबारा आईच्या पेटीत ठेवला. गावात नेट संध्याकाळी जाते, तर जर्मनच्या पहिल्या पायरीचा, ए१ चा क्लास ऑनलाइन जमेल का नागपूरला खोली करून राहावं लागेल?