हेड गॅस्केट बदलूनही कूलंट कमी होतंय: गॅरेज म्हणतंय ब्लॉक गेला

मेघना (बी-२०३): गाडी तापली म्हणून हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) बदलून महिना झाला नाही, तोच कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, पुन्हा कमी व्हायला लागलंय. खाली थेंबही पडत नाही. सकाळी पांढरा धूर. पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर. गॅरेजवाले म्हणतात, आमचं काम पक्कं आहे, ब्लॉकला क्रॅक असणार, गाडी सोडा, उघडून बघतो. सोडू का?

दिलीपकाका (ए-१०४): नको. इंजिन तर आत्ता मुळीच उघडू देऊ नकोस. हेड एकदा उतरलं की गॅस्केट कशी बसली होती, बोल्ट किती घट्ट होते, हे पुन्हा कुणालाच दाखवता येत नाही. मग त्यांचा शब्द आणि तुझा शब्द, एवढंच उरतं. आणि गाडी चालवूही नकोस. तापमानाचा काटा परत वर गेला तर हेड वाकेल आणि 'मॅडमनी गरम गाडी पळवली' हे कारण त्यांना आयतं मिळेल. न्यायची झाली तर टो करून.

इक्बाल (सी-३०१): मेघनाताई, धूर इंजिन गरम झाल्यावरही राहतो का? थंडीत सुरुवातीची वाफ साधी असते, काही मिनिटांत जाते. गरम इंजिनवरही राहिला आणि गोडसर वास आला तर कूलंट जळतंय.

मेघना (बी-२०३): राहतो. वासही येतो.

इक्बाल (सी-३०१): मग इंजिन न उघडता होणाऱ्या तपासण्या आधी करून घ्या, त्याही तिसऱ्याच गॅरेजमध्ये.
ब्लॉक टेस्ट: निळं द्रावण भरलेली नळी रेडिएटरच्या किंवा टाकीच्या तोंडावर बसवून आतली हवा त्यातून ओढतात. पेट्रोल इंजिनात जळका वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. झाकण इंजिन गार असतानाच काढायचं, नळी बसवून मग इंजिन गरम होऊ द्यायचं. कूलंटची पातळी आधी थोडी कमी करतात, कारण कूलंटच नळीत ओढलं गेलं तर टेस्ट फुकट. रंग बदलला नाही म्हणून गॅस्केट निर्दोष ठरत नाही, बारीक गळती सुटू शकते.
प्रेशर टेस्ट: गार इंजिनवर, झाकणावर छापलेल्या दाबाइतकाच पंप मारायचा. बऱ्याच गाड्यांना साधारण ०.९ ते १.४ बार. अर्धा तास तरी ठेवा. दाबाचा काटा उतरला आणि बाहेर ओल नाही, तर स्पार्क प्लग काढून बोअरस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) आत बघा. ज्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय त्याच्या पिस्टनचा माथा बाकीच्यांपेक्षा स्वच्छ, धुतल्यासारखा दिसतो. फोटो काढा.
कॉम्प्रेशन: प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजायचं. चारही प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज केलेली. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर संशय त्यांच्यामधल्या गॅस्केटवर. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर पिस्टनची रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.
यातून गळती आहे हे कळेल. गॅस्केट की क्रॅक, हे मात्र हेड उतरवल्यावरच.

वैशालीताई (ए-४०२): बिल आणि जॉब कार्ड बाहेर काढ. हेड फेसिंगला (पृष्ठभाग मशीनवर सपाट करायला) गेलं असेल तर लेथवाल्याचं बिल असणारच. सुट्या भागांच्या यादीत हेड बोल्ट आहेत का?

मेघना (बी-२०३): बोल्ट नाहीत. फेसिंगही लिहिलेलं नाही. फक्त गॅस्केट किट, कूलंट, ऑइल, मजुरी.

दिलीपकाका (ए-१०४): मग सगळा वाद इथेच आहे. गरम झालेलं हेड सपाट आहे की नाही हे स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघायचंच असतं: लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. पुष्कळ इंजिनांना मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घे. डोळ्याला हे वाकलेपण दिसत नाही. काहीजण ग्राइंडरवर घासणारी चकती लावून ॲल्युमिनियमचं हेड 'साफ' करतात. त्याने खड्डे पडतात, वर ती पूड ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते.
बोल्टचं म्हणशील तर, जिथे आधी ठरलेला टॉर्क (आवळायचा जोर) आणि नंतर ९० अंशांसारखा कोन देऊन आवळायचे असतात, तिथे ते बहुधा कायमचे ताणले जातात आणि कंपनी नवेच घालायला सांगते. तुझ्या इंजिनाला तसे आहेत का ते मॅन्युअलमध्ये बघ.
आणि ब्लॉकच्या क्रॅकला लगेच 'आमचा संबंध नाही' म्हणू देऊ नकोस. बोल्टच्या बंद भोकात पाणी किंवा ऑइल राहिलं असेल आणि तसाच बोल्ट आवळला, तर द्रवाला जायला जागा नसते. टॉर्क रेंच बरोबर आकडा दाखवतो, पण हेड नीट दाबलं जात नाही, कधी ब्लॉकही तिथेच फुटतो. म्हणून क्रॅक निघाली तर ती कुठून सुरू झाली ते बघायचं. बोल्टच्या भोकापासून निघाली असेल तर प्रश्न त्यांनाच विचारायचा.

इक्बाल (सी-३०१): मुळात गाडी तापली कशाने, हे कुणी शोधलं का? थर्मोस्टॅट अडकलेला, रेडिएटर चोंदलेला किंवा फॅन लागत नसेल तर नवी गॅस्केटही जाते. पण 'रेडिएटर बदला' असं त्यांनी जॉब कार्डवर लिहिलं असेल आणि तुम्ही नको म्हणाला असाल, तर तेवढा भाग तुमच्याकडे येतो. तेही तपासा.

मेघना (बी-२०३): असं काहीच लिहिलेलं नाही. आता उघडायचं कसं?

वैशालीताई (ए-४०२): दोघांसमोर, तिसरा जाणकार मेकॅनिक किंवा ऑटोमोबाइल इंजिनीअर बोलावून. किलोमीटरच्या आकड्यापासून व्हिडिओ सुरू. बोल्ट बाहेरून मध्याकडे थोडे थोडे सैल करायचे. गॅस्केटच्या दोन्ही बाजूंचे फोटो, सिलिंडर नंबर टाकून. गॅस्केट आणि बोल्ट तुझ्या ताब्यात. उघडण्याआधी कागदावर सह्या: गॅस्केट, बोल्ट किंवा हेडच्या सपाटीत दोष निघाला तर उघडण्यासह सगळा खर्च गॅरेजचा. जुनीच क्रॅक निघाली तर तुझा. बोल्टच्या भोकातून क्रॅक निघाली तर तज्ज्ञ लेखी देईल ते दोघांना मान्य.

मेघना (बी-२०३): त्यांना पाठवायला लिहिलंय: 'तुम्ही खराब काम केल्यामुळे माझं इंजिन गेलं. ब्लॉकच्या दाव्याचा पुरावा द्या आणि संयुक्त तपासणीची तारीख कळवा.'

दिलीपकाका (ए-१०४): पहिलं वाक्य काढ, ते अजून सिद्ध झालेलं नाही. त्याजागी बिलाची तारीख, तेव्हाचं आणि आजचं किलोमीटर रीडिंग, किती कूलंट टाकावं लागलं ते लिही. मग तीन प्रश्न: हेडची सपाटी किती मिमी भरली, बोल्ट नवे की जुने, टॉर्क किती टप्प्यांत दिला. उत्तर लेखी माग. फोनवर बोलणं झालंच तर लगेच 'आत्ता असं ठरलं' म्हणून मेसेज टाक.