मदत हवी आहे: आईसाठी व्यायामाचा ग्रुप, कोथरूड-कर्वेनगर भागात

नमस्कार मंडळी, आई ७१ वर्षांची आहे, मागच्या महिन्यात बाथरूममध्ये घसरली, नशीब फ्रॅक्चर नाही पण तेव्हापासून भीती बसलीय आणि चालणं जवळजवळ बंदच केलंय तिने. गुडघे आधीच कुरकुरतात, बीपीची गोळी चालू आहे. फिजिओ म्हणाल्या नुसतं चालून भागणार नाही, तोल सांभाळायचे आणि पायात ताकद येईल असे व्यायाम हवेत, डब्ल्यूएचओसुद्धा ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून निदान ३ दिवस हेच सांगतं म्हणे.

घरी यूट्यूब लावून दिलं तर दोन दिवसांत कंटाळली, तिला गप्पा मारायला माणसं लागतात! बागेतल्या हास्यक्लबला नेलं तर "उगाच काय हसायचं" म्हणून परत आली 😅 एका योगा क्लासला गेलो, तिथे सगळं खाली मांडी घालून, हिला खाली बसलं की उठता येत नाही.

तर खुर्चीवर बसून किंवा खुर्चीला धरून व्यायाम घेणारा सकाळचा ग्रुप कुणाला माहितीये का? ज्येष्ठ नागरिक संघात असं काही चालतं का? फी किती, शिकवणारे ट्रेन्ड आहेत का, आणि जिने किती चढावे लागतात तेही प्लीज सांगा.