मदत हवी आहे: चार सीटर विमानातला जुना जीपीएस कधी बदलावा? बंद पडेपर्यंत थांबू की या पावसाळ्यातच उरकू?

ठाणेकर_१७२ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळणार म्हणून सगळंच सांगतो.

मी ठाण्याचा, घोडबंदर रोडला राहतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून एक सेसना १७२ घेतलं, सत्तरच्या दशकातलं. एक पार्टनर ऐरोलीचा, एक नाशिकचा, एक धुळ्याचाच. मुंबईत लहान विमान ठेवायचं म्हणजे जागा पण नाही आणि खर्च पण झेपत नाही, त्यामुळे विमान धुळ्याला गोंदूर विमानतळावर असतं आणि मी नि ऐरोलीवाला शनिवारी पहाटे चारला निघून कसारा, नाशिक, चांदवड, मालेगाव करत जातो. नोकरी सांभाळून हे करतो म्हणजे किती जीव आहे यात ते समजून घ्या.

पॅनलवर दोन रेडिओ आहेत. एक नंबरचा म्हणजे जीपीएस, कॉम (बोलायचा रेडिओ) आणि व्हीओआर-आयएलएस (जमिनीवरच्या स्टेशनवरून दिशा आणि उतरण्याची वाट दाखवणारा रिसीव्हर) सगळं एकाच डब्यात, नव्वदच्या दशकाच्या शेवटचं डिझाइन, टीएसओ-सी१२९ या जुन्या अमेरिकन मानकाचा. म्हणजे गगन, वॉस वगैरे (जीपीएसची चूक सुधारणारे भारताचे आणि अमेरिकेचे उपग्रह सिग्नल) त्याला कळत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण तक्रार करायचीच नाहीये, वीस वर्षांच्या वर चाललंय ते यंत्र. दोन नंबरचा साधा नेव्ह-कॉम, म्हणजे व्हीओआर आणि बोलायचा रेडिओ, जीपीएस नाही, त्याहून म्हातारा.

आता झालं काय ते सांगतो. मार्चमध्ये कोल्हापूरहून परत येत होतो, मागच्या सीटवर बाबा, वय ७४, त्यांची पहिलीच एवढी लांब फेरी. अहिल्यानगर मागे टाकलं आणि हवा धुरकट, पुढचं पाच-सहा किलोमीटरपलीकडे नुसतं राखाडी. तिथे स्क्रीन आधी मंद झाली, दोन-तीन वेळा असं आधी पण झालेलं म्हणून ब्राइटनेस वाढवला, मग रेम (जीपीएसची स्वतःची तपासणी) उपलब्ध नाही असा मेसेज आला आणि दोन मिनिटांनी पोझिशनच गेली. अकरा मिनिटं नव्हती, घड्याळ लावून बघितलं. मांडीवरचा टॅबलेट उन्हाने तापून आधीच बंद पडलेला. ज्यांना तो भाग माहितीय त्यांना कळेल की तिथे डावीकडे भरकटणं म्हणजे ओझरच्या हवाई दलाच्या हद्दीत जाणं, आणि त्याखाली देवळालीचं तोफखान्याचं फायरिंग रेंज. एडीसी नंबर (हवाई संरक्षणाची परवानगी) घेऊन उडतो आपण, ठरलेल्या वाटेवर नसलो तर आपल्याला कोण काय समजेल सांगता येत नाही.

दोन नंबरच्या रेडिओवर छत्रपती संभाजीनगरचा व्हीओआर लावला, रेडियल (त्या स्टेशनपासूनची दिशारेषा) काढला, नकाशावर रेघ मारली आणि त्या रेघेवर डोळे लावून बसलो. मग धुक्यातून हडबीची शेंडी दिसली! रेल्वेने मनमाडवरून गेलेल्या प्रत्येकाने बघितलेला तो अंगठ्यासारखा सुळका, शेजारी अंकाई-टंकाईची जोडी. तिथून गिरणा धरणाचं पाणी उजवीकडे ठेवलं आणि धुळ्याला आलो. बाबांना काही कळलंच नाही, ते उतरल्यावर म्हणाले छान झालं. माझे हात मात्र गाडीत बसेपर्यंत थरथरत होते.

आता आमच्यात दोन पक्ष पडलेत. नाशिकवाला म्हणतो आपण दिवसा, व्हीएफआर (नजरेने बाहेर बघत) उडतो, जीपीएस नुसता मदतीला, नकाशा आणि डोळे आहेत, पूर्ण बंद पडेल तेव्हा बदलू. ऐरोलीवाला म्हणतो उद्याच बदला. एका शॉपने गार्मिन जीएनसी ३५५ चा अंदाज दिलाय, अँटेना आणि फिटिंग धरून अकरा लाखांच्या आसपास. जीटीएन ६५० एक्सआय घेतला तर जवळपास दुप्पट. माणशी पावणेतीन लाख की साडेपाच लाख, मुलीच्या अ‍ॅडमिशनच्या वर्षी हा आकडा लहान नाही.

दुसरं म्हणजे जीपीएसमधला विमानतळ-मार्गांचा डेटाबेस. अठ्ठावीस दिवसांनी नवीन येतो, आमचा दोन वर्षं जुना आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला आमच्या खाडीपलीकडे नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, माझ्या ऐरोलीच्या मित्राच्या घरापासून जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर, आणि आमच्या जीपीएसला तिथे विमानतळ आहे हेच माहीत नाही. अशा यंत्रात पैसे भरून नवीन डेटा टाकायचा की तेच पैसे नवीनकडे वळवायचे?

अमेरिकन फोरमवर वाचून डोकं फिरलंय, तिथे सगळे बदला बदला म्हणतात. आपल्याकडचं कोणी सांगेल का, नेमकं कशावरून ठरवायचं की आता वेळ झाली?

रिव्हेट

दादा, आधी एक विचारतो, स्क्रीन मंद होणं आणि पोझिशन जाणं हा एकच आजार आहे हे कोणी ठरवलं? मी तीस वर्षं एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) म्हणून काम केलंय, आता नाशिकला निवृत्त आहे. स्क्रीन जाते ती डब्यातल्या वयाने. पोझिशन जाते ती बऱ्याचदा छपरावरच्या अँटेनाने किंवा तिच्या केबलच्या, म्हणजे कोअ‍ॅक्सच्या टोकाच्या कनेक्टरने, तिथे पाणी शिरतं, हिरवं धरतं, गरम झालं की कॉन्टॅक्ट सुटतो. तुम्ही विमान पावसाळ्यात उघड्यावर ठेवता का? अकरा लाख खर्चायच्या आधी अँटेना उतरवून बघा, केबल मीटरवर तपासा, दुसऱ्या कोणाचा तसाच डबा मिळाला तर तुमच्या रॅकमध्ये सरकवून एक तास जमिनीवर चालवा. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मात्र स्क्रीनचं काही करता येत नाही, त्या पिढीचे डिस्प्लेचे पार्ट मिळणं अवघड झालंय, आणि दुरुस्तीला परदेशी पाठवलं तर जाण्यायेण्याची कस्टमची कटकट धरून तुमचा सीझन गेला.

वेळ कधी म्हणाल तर माझं मत, विमान एआरसीच्या (उडण्यायोग्यतेच्या प्रमाणपत्राच्या) इन्स्पेक्शनला जमिनीवर असतं तेव्हा. पॅनल तसंही उघडतात. जूनमध्ये घातलं तर दसऱ्याला उडाल. बंद पडल्यावर बदलू म्हणणाऱ्यांना सांगा की बंद पडेल ते डिसेंबरात पडेल, मग एसटीसी (विमानात बदल करायची मंजुरी) तुमच्या मॉडेलला लागू आहे का ते बघणं, डीजीसीएचे कागद, फ्लाइट मॅन्युअलचं सप्लिमेंट, वजनाचा हिशोब, रेडिओ बदलला म्हणून डब्ल्यूपीसीचं (सरकारच्या वायरलेस विभागाचं) लायसन्स अपडेट, सगळं चांगल्या हवेच्या महिन्यांत करत बसाल.

ठाणेकर_१७२

काका, खरंच आभार. हो, दोन पावसाळे नुसत्या ताडपत्रीखाली होतं. अँटेनाचा विचारच केला नव्हता, पुढच्या शनिवारी उतरवतो.

नेरूळची_मी

सॅटेलाइट नेव्हिगेशनमध्ये काम करते, विमान चालवत नाही, त्यामुळे माझ्या बाजूचं तेवढं सांगते.

रेमचा मेसेज म्हणजे रिसीव्हर स्वतःची उलटतपासणी करतो ती होत नाहीये. पोझिशन काढायला चार उपग्रह पुरतात, पण त्यातला एक खोटं बोलतोय हे ओळखायला पाच लागतात आणि कोणता ते शोधून बाजूला काढायला सहा. त्यात सी१२९ च्या रिसीव्हरची एक गोची आहे, त्यांचं गणित सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी चालू आहे असं धरून केलेलं असतं. ती मुद्दाम घातलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्येच बंद केली. तरी तुमचा डबा अजून सिग्नल तेवढाच खराब आहे असं समजतो, म्हणून नवीन यंत्र शांत राहील तिथे तो लवकर हात वर करतो. अँटेना नीट केली तरी हे राहणारच.

गगनबद्दल: इस्रो आणि एएआयची (विमानतळ प्राधिकरणाची) यंत्रणा, डिसेंबर २०१३ मध्ये आरएनपी ०.१ (ठरलेल्या वाटेवर नेमकं राहणं) साठी आणि एप्रिल २०१५ मध्ये एपीव्ही-१ (उतरताना उंचीचंही मार्गदर्शन) साठी प्रमाणित झाली. २८ एप्रिल २०२२ ला किशनगडला इंडिगोच्या एटीआर विमानाने त्यावर एलपीव्ही लँडिंग (उपग्रहाच्या अचूक मार्गदर्शनाने उतरणं) केलं. जुहूहून पुण्याला हेलिकॉप्टरने त्यावर जून २०२३ च्या सुमारास प्रात्यक्षिक पण झालंय. पण तुम्ही व्हीएफआर उडत असाल तर तुम्हाला यातून अप्रोच (यंत्रावर बघून उतरायची वाट) मिळणार नाही, मिळेल तो विश्वास की पोझिशन चुकली तर यंत्र लवकर सांगेल. माझ्या मते तेही थोडं नाही, विशेषतः मागे वडील बसलेले असताना. २०१६ च्या धोरणातली गगनची सक्ती नव्याने नोंदणी होणाऱ्या विमानांबद्दल होती, तेव्हा सक्ती म्हणून कोणी घाई करत असेल तर ऐकू नका. आणि शॉपकडून लेखी घ्या की सेटअपमध्ये गगन ऑन करून देणार, कारण माहितीपत्रकात बहुतेक वेळा अमेरिकेच्या वॉसचंच नाव असतं.

अमेरिकन फोरमवरचं सोडून द्या. त्यांना १ जानेवारी २०२० ची एडीएस-बीची (विमानाने आपली पोझिशन प्रसारित करण्याची) सक्ती आली म्हणून सगळ्यांनी पॅनल उघडली आणि जोडीने जीपीएस बदलले, शिवाय तिकडे खेड्यातल्या धावपट्टीला पण एलपीव्ही असतो. तुमची गरज वेगळी आहे.

दोन_हजार_फूट

इन्स्ट्रक्टर आहे, सध्या जळगाव. सगळ्यांनी छान लिहिलंय पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून घाईने लिहितोय. भाऊ, जीएनसी ३५५ मध्ये व्हीओआर-आयएलएस नाही! जीपीएस आणि कॉम एवढंच. तुमचा जुना डबा काढला की त्यातला व्हीओआर रिसीव्हर पण गेला, मग उरतो तो फक्त दोन नंबरचा, जो तुम्हीच म्हणताय त्याहून म्हातारा आहे. आणि मार्चमध्ये तुम्हाला घरी कोणी आणलं? व्हीओआरनेच ना. दुप्पट पैशाच्या ६५० मध्ये व्हीओआर-आयएलएस असतो, फरक नुसत्या मोठ्या नावाचा नाही.

दुसरं, कितीही नवीन जीपीएस घेतला तरी जॅमिंग (सिग्नल दाबणं) आणि स्पूफिंग (खोटा सिग्नल पाठवणं) यांसमोर तो हतबल. सरकारने संसदेत सांगितलेला आकडा आहे, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ मध्ये ४६५ घटना, बहुतेक अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत पण झालं. आपल्याकडे खानदेशात कशाला होईल असं म्हणून चालत नाही. व्हीओआर कामाचा ठेवा, महिन्यातून एकदा जीपीएस झाकून संभाजीनगरचा रेडियल धरून उडा, माझ्या सगळ्या मुलांना करायला लावतो.

नाशिकच्या पार्टनरचं अगदी चूक नाहीये, नकाशा आणि डोळे आधी. पण मंद होणारी स्क्रीन बंद स्क्रीनपेक्षा वाईट. बंद असली तर माणूस पहिल्यापासून नकाशा उघडून बसतो, मंद होणारी त्याला शेवटपर्यंत आशेवर ठेवते. आजपासून ती दुरुस्त होईपर्यंत तो जीपीएस पॅनलवर नाहीच असं धरून उडा, टेप चिकटवा हवं तर.

ठाणेकर_१७२

३५५ चं वाचून अंगावर काटा आला. शॉपने फसवलं असं अजिबात नाही, आम्हीच स्वस्तातला द्या म्हटलं आणि आमच्या जुन्या डब्यात काय काय आहे हे त्यांना नीट सांगितलं नाही. अकरा लाख भरून व्हीओआर घालवून बसलो असतो.

काल धुळ्याला जाऊन आलो. रिव्हेट काका, तुमचं म्हणणं खरं निघालं, अँटेनाच्या कनेक्टरच्या आत हिरवा थर होता, इंजिनिअरने नवीन टोक लावलं, सील केलं, भर दुपारी दीड तास जमिनीवर उन्हात चालवलं, पोझिशन एकदाही गेली नाही. स्क्रीन मात्र चाळिसाव्या मिनिटाला मंद झालीच. नेरूळच्या ताईंनी सांगितलेलं रेमचं पण तसंच, एकदा मेसेज आला.

रात्री चौघं फोनवर बसलो, तासभर वाद झाला. नाशिकवाल्याला मी सगळे प्रतिसाद वाचून दाखवले, मंद स्क्रीनचं ऐकून तो गप्प झाला, म्हणाला मग टेप आजच लाव. लावली. डेटाबेसला पैसे घालायचे नाहीत, नवीन यंत्रातच घालायचे. ६५० साठी पैसे एकदम जमणार नाहीत म्हणून उडण्याच्या दर तासामागे एक ठरलेली रक्कम बाजूला काढायची असं ठरतंय, पण जूनपर्यंत त्यातून काय जमणार, बाकीचे पैसे तीन हप्त्यांत घालावे लागतील.

आता एकच प्रश्न उरलाय. यंदाच्या पावसाळ्यात दोन नंबरचा नेव्ह-कॉम आधी बदलावा, जो व्हीओआरसाठी लागतोच आणि बराच स्वस्त आहे, एक नंबरला टेप लावून अजून एक वर्ष नकाशावर उडावं आणि ६५० पुढच्या पावसाळ्यात घालावा, की पॅनल एकदाच उघडायचं म्हणून दोन्ही कर्ज काढून आत्ताच? दोनदा उघडलं तर फिटिंगची मजुरी आणि कागद दोनदा लागतील ना? काका, तुम्ही असता तर काय केलं असतं?

रिव्हेट

एकदाच उघडा. पण कर्ज काढून नको. या पावसाळ्यात ६५० ची वायरिंग आणि नवीन अँटेना-केबल टाकून घेता येईल का विचारा, मंजुरीचे कागद एकाच फाइलमध्ये बसतात का तेही विचारा, बसत नसतील तर नुसती तयारी म्हणून काही सोडू नका, अर्धवट वायर पॅनलमागे लटकलेली मला चालत नाही. त्या परिस्थितीत दोन नंबरचा नेव्ह-कॉम काढून बेंचवर (वर्कशॉपमध्ये) तपासून घ्या. तो बेंचवर पास झाला तर एक वर्ष थांबा, नकाशावर उडा, पैसे जमवा. नापास झाला तर थांबू नका, कारण मग तुमच्याकडे भरवशाचं काहीच नाही.

ठाणेकर_१७२

पटलं. दोन नंबर शनिवारी काढून बेंचवर पाठवतोय, रिपोर्ट आला की इथेच टाकतो. बाबा विचारत होते परत कधी नेतोस, त्यांना म्हटलं रिपोर्ट येऊ दे.