गोल्फ कोर्सवर सिगारेट, सिगार आणि कचरा: सूचनापत्रात नेमकं काय लिहावं?

चौथा_गडी

२४ जणांच्या एका दिवसाच्या स्पर्धेसाठी सूचनापत्र तयार करायचं आहे. खेळाडूंमध्ये सिगारेट ओढणारे बरेच आहेत, दोन-तीन जण सिगारवाले, एक-दोन व्हेपवाले (ई-सिगारेट ओढणारे). कोर्सवर धूम्रपानाला बंदी नाही, पण लेखी नियमही नाहीत. 'कचरा करू नका' ही ओळ सगळेच लिहितात आणि कोणीच वाचत नाही, म्हणून कारणासकट लिहायचं आहे. प्रश्न असे:

ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पटिंग करताना (बॉल हलकेच होलकडे ढकलताना) पेटती सिगारेट बाजूला गवतावर ठेवली तर खरंच नुकसान होतं का? थोटूक कचरापेटी येईपर्यंत कुठे ठेवायचं? बॉल कोणाच्या तरी थोटकाला किंवा केळ्याच्या सालीला टेकून थांबला तर काय करायचं? आणि कोणी ऐकलंच नाही तर दंडाचा स्ट्रोक (स्कोअरमध्ये वाढवलेला एक फटका) देता येतो का?

---

हिरवळ_राखण

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: होतं, आणि ते दिसायला दुसरा दिवस उजाडावा लागतो, म्हणून करणाऱ्याला कधीच कळत नाही.

ग्रीनवरचं गवत साधारण ३ मिलिमीटरवर कापलेलं असतं. एवढ्या उंचीवर गवताची पात आणि जिथून नवी पात फुटते तो बुंधा यांत अंतरच उरत नाही. झुरका घेताना सिगारेटचा निखारा ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. नुसती ठेवलेली सिगारेट त्याहून थंड असते, पण गवत मारायला ती पुरेशी तापलेली असते. रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) पात जळली तर खालून परत फुटते. ग्रीनवर बुंधाच करपतो, मग तो डाग आजूबाजूच्या गवतानं सावकाश भरून येण्याची वाट पाहावी लागते, नाहीतर तेवढा तुकडा काढून दुसरा लावावा लागतो. तोवर पटच्या वाटेत एक छोटा खळगा राहतो. होलच्या जवळच लोक सर्वांत जास्त वेळ उभे असतात, त्यामुळे डागही तिथेच पडतात.

याची दुसरी बाजू ओढणाऱ्याच्या तब्येतीची आहे. ग्रीनवर बुरशीनाशकं आणि इतर औषधं फवारलेली असतात. सिगारेटचं तोंडात जाणारं टोक त्या गवतावर टेकवून पुन्हा ओठांत धरणं म्हणजे ती औषधं चाटणं. टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) दातांत धरायची सवयही याच कारणासाठी सोडावी.

आता आग. हिरवं, ओलं फेअरवे (ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) सहसा पेट घेत नाही. धोका तीन ठिकाणी असतो: वाळलेला उंच रफ, झाडांच्या बुंध्याशी पसरलेला सालींचा किंवा पाचोळ्याचा थर, आणि कोरड्या मोसमात सुप्तावस्थेत जाऊन पिवळं पडलेलं गवत. सालींचा थर सगळ्यांत फसवा. थोटूक त्यात पडलं की ज्वाळा दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहतं आणि वारा सुटला की काही तासांनी पेटतं. तोवर टाकणारा घरी पोचलेला असतो. कोरड्या आणि वाऱ्याच्या दिवशी धूम्रपान पूर्ण बंद ठेवण्याचा अधिकार स्पर्धेच्या समितीनं स्वतःकडे ठेवावा आणि तसं सूचनापत्रात आधीच लिहावं.

सिगारेटखेरीज टीचाही उल्लेख करा. ग्रीन आणि टीबॉक्स (प्रत्येक होलचा पहिला शॉट मारायची जागा) कापणाऱ्या मॉवरमध्ये फिरणारी गोल पाती आणि खालची स्थिर पट्टी यांत कागद कापला जाईल एवढीच फट असते. मोडलेली टी त्यात सापडली की पातीला खाच पडते, आणि मग मॉवर जिथे जाईल तिथे न कापलेल्या गवताची एक उभी रेघ मागे सोडतो. ती खाच धार लावूनच जाते. लाकडी टी कुजते हे खरं, पण मॉवर तिच्या कुजण्याची वाट पाहत नाही. मोडलेले दोन्ही तुकडे उचलून टीबॉक्सची खूण असलेल्या टी मार्करशेजारच्या डब्यात टाकायचे. रफमध्ये पडलेला पेयाचा कॅन तर आणखी वाईट: रफचा मॉवर त्याच्या धारदार चिंध्या करून गवतात पसरवतो, आणि त्याच गवतात पुढचा खेळाडू हात घालून बॉल शोधतो.

---

नियम_पंधरा

गोल्फच्या नियमांपुरतं सांगतो. दोन शब्द वेगळे ठेवा म्हणजे सगळं सोपं होतं.

थोटूक, काडेपेटी, वेष्टन, कॅन या माणसानं बनवलेल्या वस्तू. हलवता येतात म्हणून त्या 'हलता अडथळा', नियम १५.२. बंकरसकट (वाळूच्या खड्ड्यासकट) कुठूनही, दंडाविना उचलता येतात. उचलताना बॉल हलला तरी दंड नाही. बॉल मूळ जागी परत ठेवायचा, एवढंच. तो परत न ठेवता हलला तिथूनच खेळलात, तर मात्र चुकीच्या जागेवरून खेळल्याचा दंड लागतो.

केळ्याची साल निसर्गातली आहे, म्हणून ती 'सुटा नैसर्गिक अडथळा', नियम १५.१. अर्धवट खाल्लेलं फळ, त्याच्या फोडी आणि सोललेली साल याच वर्गात मोडतात. तीही उचलता येते, २०१९ पासून बंकरमधूनही. पण ग्रीन सोडून इतरत्र ती उचलताना तुमचा बॉल हलला तर एक स्ट्रोकचा दंड, आणि बॉल परत जागेवर. म्हणजे ज्यानं साल टाकली त्याला काही नाही आणि ज्याचा बॉल तिला टेकला त्याच्या कार्डावर एक स्ट्रोक. 'साल तर कुजते' म्हणून टाकणाऱ्यांसाठी ही ओळ सूचनापत्रात अवश्य घाला.

बॉल टेकलेला नसून एखाद्या रिकाम्या पाकिटावर किंवा पिशवीवरच बसला असेल तर: बॉल उचला, पाकीट काढा, बॉल ज्या जागी होता त्याच्या बरोबर खालचा बिंदू ठरवा, तिथून एक क्लब-लांबीच्या (खेळायच्या काठीच्या लांबीइतक्या अंतराच्या) आत, होलच्या जवळ न जाता, कोर्सच्या त्याच भागात ड्रॉप करा, म्हणजे बॉल हातातून खाली सोडा. ग्रीनवर ड्रॉप नाही, त्या बिंदूवर हातानं ठेवायचा. दंड नाही, बॉल पुसताही येतो.

थुंकीबद्दल कोणी विचारलं नाही, पण स्पर्धेत हमखास विचारतात: तिला तात्पुरतं पाणी मानायचं की सुटा अडथळा, हे खेळाडूनं निवडायचं.

दंडाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधीच समजून घ्या. नियम १.२ मध्ये कोर्सची काळजी घेण्याची अपेक्षा लिहिलेली आहे, पण त्या नियमाखाली समितीच्या हातात एकच शिक्षा आहे: गंभीर गैरवर्तनासाठी स्पर्धेतून बाद करणं. एका थोटकासाठी ते कोणी करणार नाही. स्ट्रोकचा दंड हवा असेल तर समितीनं स्थानिक नियम म्हणून आचारसंहिता लागू करावी लागते. त्यात पायऱ्या ठेवता येतात: पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी एक स्ट्रोक, तिसऱ्या वेळी सर्वसाधारण दंड म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन स्ट्रोक, चौथ्या वेळी बाद. हे पहिला टी-शॉट मारण्याआधी सगळ्यांना लेखी मिळालं पाहिजे. खेळ सुरू झाल्यावर ठरवलेला दंड टिकत नाही.

---

वाऱ्याखाली

वरचं सगळं कोर्सबद्दल झालं. सोबत खेळणाऱ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि भांडणं तर तिथेच होतात.

पहिल्या टीबॉक्सवर एकदाच विचारायचं: 'मी ओढलं तर चालेल ना?' एकाच कार्टमध्ये बसणाऱ्याचा शब्द शेवटचा. तो नको म्हणाला तर कार्टमध्ये नाहीच, उतरून, चालताना ओढायचं. दुसरा खेळाडू बॉलसमोर उभा राहिला की धूर त्याच्यावरून जाणार नाही अशा बाजूला, म्हणजे वारा त्याच्याकडून आपल्याकडे येईल असं उभं राहायचं. ग्रीनवर कोणाच्या पटच्या रेषेवर राख पडू द्यायची नाही. होलमधला फ्लॅग धरायचा असेल तर त्याआधी सिगारेट संपलेली हवी, कारण तोंडात सिगारेट धरून फ्लॅगपाशी वाकलं की राख होलच्या काठावरच पडते.

पेटवणं आपल्या पाळीच्या वेळी नको. शॉटसाठी ४० सेकंदांत खेळावं अशी नियमांची शिफारस आहे, आणि सिगार नीट पेटवायला त्याहून जास्त वेळ लागतो. टीबॉक्सवरून निघून दुसऱ्या शॉटकडे चालताना पेटवा.

सिगारवाल्यांसाठी थोडं जास्त लिहा, कारण त्यांची सिगार तास-दीड तास चालते आणि दर शॉटला खाली ठेवावी लागते. बॅगवर ठेवू नये, तिचं कापड वितळतं. क्लबच्या ग्रिपवर ठेवू नये, रबर करपतं. कार्टच्या सीटवर तर नाहीच. योग्य साधन म्हणजे कार्टच्या दांड्याला अडकणारा चिमटा, किंवा जमिनीत रोवायचा छोटा दुबेळका खुंट. तो टीबॉक्सच्या बाहेर किंवा रफमध्ये रोवायचा, ग्रीनवर कधीच नाही. ग्रीनवर यायच्या आधी सिगार चिमट्यात लावून कार्टमध्येच सोडा, म्हणजे प्रश्नच संपला.

सिगार विझवायला चिरडायची गरज नसते. चिरडली की पानं सुटतात, घाण वास सुटतो आणि तुकडे पसरतात. ओढणं थांबवलं की ती काही मिनिटांत आपोआप विझते. गार झाली की डबीत. तिचं सेलोफेन आणि कागदी पट्टी पेटवतानाच खिशात टाका, कारण मागे राहणारा कचरा बहुतेक वेळा तोच असतो.

---

चौथा_गडी

फार उपयोगी. दोन शंका उरल्या. पाण्याच्या बाटलीत तळाशी थोडं पाणी ठेवून थोटकं टाकली तर? आणि काहीजण म्हणतात की फिल्टर म्हणजे कापूसच, गवतात विरून जातो. यात तथ्य आहे का?

---

डबी_खिशात

दुसरं आधी: तो कापूस नाही. सिगारेटचा फिल्टर सेल्युलोज ॲसिटेटच्या बारीक तंतूंचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकचा असतो. एका फिल्टरमध्ये असे बारा हजारांहून जास्त तंतू असतात. ऊन-पावसात तो झिजून बारीक होत जातो, नाहीसा होत नाही. मॉवर फिरला की तेच तंतू आणखी पसरतात. फिल्टरनं अडवलेलं निकोटिन आणि धातू पावसाच्या पाण्याबरोबर सुटतात, आणि कोर्सवरचा उतार बहुतेक वेळा तळ्याकडेच जातो. प्रयोगशाळेत एक लिटर पाण्यात एका ओढलेल्या थोटकाचा अर्क उतरवला तेव्हा ४ दिवसांत अर्धे मासे मेले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी साडेचार लाख कोटी फिल्टर उघड्यावर पडतात. एक थोटूक छोटं वाटतं, पण ते एकटं नसतं.

बाटली चालते, पण तिच्यात दोन दोष आहेत. कार्ट उसळली की झाकण सैल असेल तर ते तपकिरी पाणी सीटवर सांडतं. आणि ती बाटली कोणी पिण्याची समजून उचलली तर निकोटिनचं पाणी पोटात जाऊ शकतं. वापरायचीच तर पाणी दोन बोटं, झाकण घट्ट, आणि बाटलीवर ठळक खूण.

कोरडी डबी त्याहून बरी. गोळ्यांची येते तशी पत्र्याची चपटी डबी घ्या, झाकण खटकन बसणारी. तळाशी ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर चमचाभर खाण्याचा सोडा. सोड्यानं वास बराच कमी होतो. क्रम असा:

१. फिल्टरच्या अलीकडे थोडी तंबाखू शिल्लक असतानाच थांबा.
२. उघडी डबी हातात धरून सिगारेट दोन बोटांत हलकेच फिरवा, पेटता निखारा डबीतच गळून पडतो. जमिनीवर पाडून बुटानं चिरडू नका, राख आणि तंबाखू तिथेच राहते.
३. उरलेलं टोक पत्र्यावर दाबून विझवा, मग झाकण लावा. आतली हवा संपली की राहिलेली ठिणगीही मरते.
४. डबी काही मिनिटं हातात किंवा कार्टच्या कप्प्यात ठेवा. गार लागली की मगच खिशात किंवा बॅगेत.

रिकाम्या सिगारेटच्या पाकिटात थोटूक कोंबणं हा उपाय नाही. तो कागद आहे, ठिणगी राहिली तर बॅगेतच पेटतो. कार्टवरच्या वाळू-बियाण्याच्या बाटलीतही टाकू नका, ते मिश्रण पुढचा माणूस डिव्हटमध्ये (शॉटमुळे गवत उखडून पडलेल्या खड्ड्यात) ओततो आणि थोटूक फेअरवेत पेरलं जातं. बंकरच्या वाळूत पुरलेलं तर पुढच्याच रेकनं (वाळू सपाट करायच्या दाताळ्यानं) वर येतं.

---

हिरवळ_राखण

आयोजकांसाठी थोडं. सूचनापत्र कितीही चांगलं असलं तरी टाकायला जागा नसेल तर लोक टाकणारच.

वाळूचं भांडं ग्रीनपाशी ठेवू नका, पुढच्या टीबॉक्सकडे जाणाऱ्या वाटेवर ठेवा. ग्रीनपाशी ठेवलं की लोक ग्रीनपर्यंत ओढत येतात. भांड्यात वाळूचा थर ७-८ सेंटिमीटर हवा, दिवसाअखेर चाळायची. ती राख आणि थोटकं थेट कागदाच्या कचऱ्यात ओतायची नाहीत. आधी पाणी ओतून भिजवा किंवा धातूच्या झाकणबंद डब्यात २४ तास ठेवा. साध्या कचरापेटीला झाकण हवंच, नाहीतर पक्षी वेष्टनं ओढून फेअरवेवर आणतात.

कार्टच्या मागच्या उघड्या जाळीत रिकामं वेष्टन किंवा ग्लोव्हचं पाकीट ठेवलं की पहिल्या उतारावर ते उडतं. टाकणाऱ्याची इच्छा नसते, पण कचरा होतो. चेनच्या कप्प्यात ठेवायला सांगा.

कार्टच्या चार्जिंग शेडजवळ ओढायला सक्त मनाई लिहा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं तरी तो पेटू शकतो. पेट्रोलच्या कार्टमध्ये इंधन भरतानाही तेच.

व्हेपवाल्यांना वाटतं आपल्याला हे काही लागू नाही. धुराचे सगळे नियम लागू आहेत, ढग तर आणखी मोठा असतो आणि बॉलसमोर उभ्या माणसाच्या नजरेत येतो. वापरून संपलेलं उपकरण साध्या पेटीत टाकायचं नाही. आत लिथियमची बॅटरी असते, कचरागाडीत ती दाबली गेली की आग लागते. नोंदणीच्या टेबलावर त्यासाठी वेगळा डबा ठेवा. त्याच टेबलावर रिकाम्या पत्र्याच्या डब्या ठेवल्यात आणि स्कोअरकार्डाबरोबर ओढणाऱ्याच्या हातात एकेक दिलीत, तर सूचनापत्रातल्या अर्ध्या ओळी लिहाव्याही लागणार नाहीत.

---

नियम_पंधरा

आचारसंहितेचं वाक्य लिहिताना 'कचरा' असा मोघम शब्द नको, नाहीतर डिव्हट आणि गळलेल्या पानांवरून वाद घालणारे निघतात. असं लिहा: 'थोटूक, राख, मोडलेली टी, वेष्टन, बाटली, कॅन, फळाची साल किंवा टरफल कोर्सवर सोडल्यास आचारसंहितेचा भंग मानला जाईल. ग्रीनवर, बंकरमध्ये आणि चार्जिंग शेडजवळ पेटती सिगारेट, सिगार किंवा व्हेप वापरल्यासही.' खाली दंडाच्या चारही पायऱ्या. आणि भंग झाला हे कोण ठरवणार, समिती की मार्शल (कोर्सवर देखरेख करणारा), तेही नावानं नव्हे तर पदानं लिहा.