शिवजयंतीच्या बॅनरला फुटकं अक्षर कशाला?

गणपत गल्लीकर: काल कुणीतरी इथं लिहिलं, "बॅनरला तडे गेलेला जाड फॉन्टच पाहिजे, त्यातच मर्दानी बाणा दिसतो. गुळगुळीत अक्षर लग्नपत्रिकेला ठेवा." गप्प बसवत नाही म्हणून लिहितोय. आमच्या बेळगावातल्या मंडळानं 'जय शिवराय' असंच छापलंय. दोन्ही 'य' बघा. एकाच्या दंडाला जिथं ओरखडा, तिथंच, तेवढाच दुसऱ्यालाही. खरी झीज अशी येते काय? छापखान्यातले लाकडी खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, छापून छापून झिजायचे, प्रत्येकाची चीर वेगळी. वर त्याच फॉन्टात 'मंडळ'. अनुस्वार खड्ड्यांत मिसळला आणि गल्लीतली पोरं 'मडळ, मडळ' करत सुटली.

वाघनख: ते मीच लिहिलं होतं, आणि आजही तेच म्हणतो. अनुस्वार गेला तो डिझाइनवाल्याच्या चुकीनं. वैशाखातल्या मिरवणुकीत चित्ररथ रात्री सरकत असतो, तिथं लांबून जाड अक्षरच दिसतं.

जुना पेंटर: जाड आणि फुटकं यात गल्लत करू नकोस बाबा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा 'मोदक' फॉन्ट बघ. अक्षराच्या पोटातली जागा जवळजवळ बुजलेली, तरी वाचता येतो, कारण कड स्वच्छ. जाड 'ळ', 'क्ष'ला आधीच श्वास घ्यायला जागा नसते, त्यात खड्डे पाडल्यावर काय उरणार? खडेबाजारात ३० वर्षं पाट्या रंगवल्या मी. शिरोरेघ एका दमात ओढायची, हात हलला की पुसून पुन्हा. तुटक्या रेघेसाठी गिऱ्हाइकानं माझे पैसे कापलेत. आता तीच रेघ मागून घेतात, याचा त्रास होतो.

टिळकवाडी प्रिंट: एकेका खड्ड्याची कड आखायला फाइलीत ढीगभर पॉइंट, म्हणजे बिंदू. फाइल मशीनवर चढता चढत नाही. टी-शर्टाला मात्र हाच फॉन्ट सोयीचा. स्क्रीनमधून शाई कमी-जास्त उतरली तरी खपून जातं.

निपाणीकर: फॉन्टचं काय घेऊन बसलाय? कर्नाटकात २०२४ पासून कायद्यानं दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या अर्ध्यात. माझ्या दुकानाची पाटी बदलावी लागली. वडिलांनी ठेवलेलं मराठी नाव आता खाली वितभर पट्टीत, इंग्रजीला खेटून.

येळ्ळूरचा: आमच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' फलक २०१४ साली कोर्टाच्या आदेशावरून हटवला. त्याचा फॉन्ट कुठला, हे कुणी विचारलं नाही.

शहापूरचा कन्नडिग: माझं घर कन्नड, शाळा मराठी. प्रत्येक धाग्यात कन्नडवर घसरायचं बंद करा की! १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवात, आमच्या बॅनरवरही हेच फुटकं अक्षर असतं, खालची ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरात खाली लिहायची अक्षरं, दिसत नाहीत. दुखणं एकच आहे.

निपाणीकर: एकच कसं? तुमचं एक अक्षर पुसलं तरी वर ६० टक्के शिल्लक!

शहापूरचा कन्नडिग: पाटी मी बदलायला लावली काय? राग माझ्यावर का काढतोस?

निपाणीकर: तुझ्यावर नाही. वडिलांचं नाव होतं त्या पाटीवर, म्हणून बोललो.

गणपत गल्लीकर: निपाणीकर, तुमची पट्टी हाच माझा मुद्दा आहे. जागाच वितभर असेल तर अनुस्वार, रफार, वेलांटी शाबूत पाहिजे. मंडळाच्या बॅनरवर मोकळी जागा आहे, ती आपल्याच हातानं खराब का करायची?

वाघनख: बरं, मंडळाचं नाव, तारीख, वेळ साध्या अक्षरात घेऊ. एवढंच मानतो. 'जय शिवराय' मी फुटक्यातच छापणार.

जुना पेंटर: छाप. पण दुसऱ्या 'य'चा ओरखडा हलव. फाइल घेऊन ये, कुठं तो दाखवतो.