पुण्यात ईटिंग डिसऑर्डरसाठी नेमकं कोणाकडे जावं? (भाची, वय १६)

कडूकारलं, मंगळवार, रात्री ११:४०

इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

मोठ्या बहिणीची मुलगी, अकरावी झाली, कोथरूडला राहतात. दिवाळीनंतर घरात लग्न होतं म्हणून 'जरा गोड बंद' एवढंच ठरलं. मग भात गेला, मग तेल गेलं, मग पोळी अर्धी झाली. आता संकष्टी, एकादशी, गुरुवार, सगळे उपवास ही पोर करते. आमच्या घरात उपवास म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीचं निमित्त, त्यामुळे आधी कोणाला खटकलंच नाही. पहाटे हनुमान टेकडी, संध्याकाळी परत टेकडी. चार महिने पाळी नाही. मे महिन्यात स्वेटर घालून बसते. आणि रोज केक करून सगळ्यांना आग्रहाने वाढते, स्वतः चमचाही चाटत नाही.

फॅमिली डॉक्टर म्हणाले रिपोर्ट नॉर्मल आहेत, अभ्यासाचं टेन्शन असेल. डाएटिशियनकडे नेलं तर त्यांनी तिच्या शिस्तीचं कौतुक केलं आणि वर कॅलरी मोजायचं ॲप दिलं! ताई रडते, भाऊजी ओरडतात. मानसोपचारतज्ज्ञ, काउन्सेलर, की सरळ ॲडमिट?

पर्वतीचा_पायथा, रात्री ११:५८

रोज दुधातून अश्वगंधा आणि खारीक. पुतणीला महिन्यात फरक पडला. आणि आधी मोबाईल काढून घ्या.

मुठाकाठ, बुधवार, सकाळी ६:२५

पायथा, जी मुलगी दूध पीत नाही तिला दुधातून काय देणार?

कडूकारलं, वाचून पोटात खड्डा पडला. आमची लेक पंधराची असताना अगदी हेच. आता एकोणीसची आहे, बरी आहे. जे केलं ते लिहिते.

आमचं एक वर्ष काउन्सेलिंगमध्ये वाया गेलं. बाई चांगल्या होत्या, पण आठवड्यातून एकदा तिच्याशी एकटीशी बोलायच्या आणि आम्हाला म्हणायच्या, जेवणाचा विषय काढू नका. आम्ही काढला नाही, वजन उतरत राहिलं. मग मुंबईच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी एफबीटी सांगितली. फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट, लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये १९८०च्या दशकात सुरू झालेली. बहुतेक सेशन आम्ही ऑनलाइन केली, पुण्यात तेव्हा कोणी मिळालं नाही.

त्यात आईबाप गुन्हेगार नसतात, नर्स असतात. पहिल्या टप्प्यात काय खायचं, किती, कधी, हे आम्हीच ठरवायचं. तीन जेवणं, तीन मधली खाणी. ताट मी वाढायचं, तिने स्वयंपाकघरात यायचं नाही, ताट संपेपर्यंत शेजारी बसायचं. वाद घालायचा नाही, विनवायचं नाही, 'एवढं खाल्लंस तर अमुक घेऊन देईन' हेही नाही. ती जे बोलते ते आजार बोलतोय असं समजायचं. हे लिहायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात एका पोळीला पन्नास मिनिटं लागत. एकदा वाटी भिंतीवर गेली, आमटीचा डाग अजून आहे आणि घरमालक तो डिपॉझिटमधून कापणार आहेत. मी बँकेतून तीन महिने बिनपगारी रजा घेतली. नवरा रात्रीच्या जेवणाला हजर, काही झालं तरी. वजन सावरल्यावर दुसऱ्या टप्प्यात एकेक गोष्ट तिच्या हाती परत द्यायची, आधी मधलं खाणं, मग कॉलेजचा डबा. तिसऱ्या टप्प्यात तिच्या वयाचे बाकी प्रश्न.

उपवासांचं सासूबाईंनी सोडवलं. देवासमोर उभं राहून म्हणाल्या, आजाऱ्याला उपवास लागू नाही, पाप लागलं तर मला लागेल. टेकडीही बंद केली, ते मात्र आम्हालाच करावं लागलं.

खिडकीतून, बुधवार, दुपारी २:१०

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पुण्यातच. इथे निदान करत नाही आणि स्वतःची जाहिरातही करत नाही. एक विनंती: वजनाचे आणि कॅलरीचे आकडे कोणी लिहू नका, अशा धाग्यांवर आजारी मुली स्पर्धेसारखे आकडे वाचतात.

मुठाकाठ यांच्या अनुभवाच्याही आधी एक पायरी आहे. ती शरीराची, आणि ती याच आठवड्यात. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल म्हणून निर्धास्त होऊ नका. उपासमारीत शरीर इतकं काटकसरीने चालतं की रक्त बरेच दिवस चांगलं दिसतं. बघायचं ते आडवं असताना आणि उभं राहिल्यावर बीपी व पल्स, शरीराचं तापमान, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम. जागेपणी पल्स ५०च्या खाली असेल, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आधी हॉस्पिटल, थेरपी मागून. आणि घाबरून घरी एकदम भरपूर खायला घालू नका. फार दिवस उपाशी शरीराला अचानक अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट कोसळू शकतं, रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात त्याला, हृदयावर बेतू शकतं. अशा वेळी खाणं वाढवायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

केक करून दुसऱ्यांना घालणं ऐकून आश्चर्य वाटलं नाही. अमेरिकेत मिनेसोटाला १९४४-४५मध्ये ३६ निरोगी तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. तेही पाककृती जमवायला लागले, चिडचिडे झाले, सतत गारठायचे. म्हणजे तुम्हाला तिचा स्वभाव वाटतो त्यातलं बरंच भुकेचं आहे. आणखी एक, आपल्याकडे कित्येक मुली 'जाड होईन' असं म्हणतच नाहीत. 'पोट फुगतं', 'भूकच नाही' म्हणतात, आणि पोटाच्या डॉक्टरांकडे वर्ष जातं.

अठराच्या आतल्या ॲनोरेक्सियाला (स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार) एफबीटी ही पहिली पसंती. मोठ्यांसाठी सीबीटी-ई, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याच्या सीबीटी थेरपीचं ईटिंग डिसऑर्डरसाठीचं रूप, ऑक्सफर्डला विकसित झालेलं: साधारण वीस सेशन, वजन फार कमी असेल तर चाळीसपर्यंत. ॲनोरेक्सिया बरा करणारी गोळी नाही. बुलिमियात (भरमसाट खाऊन मग उलट्या वगैरे करून ते काढून टाकणं) फ्लुओक्सेटिन या गोळीचा उपयोग होतो, नैराश्याला नेहमी देतात त्यापेक्षा जास्त मात्रेत, पण ती मात्रा डॉक्टरच ठरवणार. जी उलट्या करते तिच्या दातांचं इनॅमल जातं. उलटीनंतर लगेच ब्रश नको, नुसत्या पाण्याने चूळ.

माणूस निवडताना फोनवरच विचारा: ईटिंग डिसऑर्डरचे पेशंट पाहिलेत का? आईवडिलांना सेशनमध्ये घेता का? फिजिशियनबरोबर मिळून काम करता का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी बघा, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. खर्च झेपत नसेल तर ससूनला मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. ॲडमिट करावं लागलं तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीला मानसिक आजारही शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. पॉलिसी वाचून ठेवा.

ताकभात, बुधवार, रात्री १२:३५

थोडं अवांतर. हा आजार फक्त बारीक मुलींचा नाही. मी बेचाळीस वर्षांचा पुरुष, चांगला गरगरीत. रात्री एक वाजता बाकरवडीचं अर्ध्या किलोचं पाकीट उभ्याउभ्या संपवायचो आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून नुसतं ताक. वीस वर्षं स्वतःला खादाड म्हणत होतो. बिंज ईटिंगला (असं ताबा सुटून खाणं) अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत वेगळं निदान म्हणून २०१३मध्ये जागा मिळाली, हे मला थेरपिस्टकडून कळलं. सीबीटीत पहिलं काम काय दिलं असेल? डाएट बंद, दर तीन-चार तासांनी खायचं आणि खाल्लं की तेव्हाच वहीत लिहायचं. दिवसाचा उपास सुटला तसा रात्रीचा हल्ला कमी झाला. वजन फारसं उतरलं नाही. झोप लागते.

कडूकारलं, शनिवार, दुपारी ४:०५

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देण्याइतकं डोकं ठिकाणावर नाही.

गुरुवारी सकाळी ती झोपेतून उठल्यावर ताईने मनगट धरून मिनिटभर मोजलं. ४४. दोनदा मोजलं. दुपारी ॲडमिट केलं, ईसीजी लावून ठेवलाय, रोज फॉस्फेट बघतात. ताई डब्यात मऊ भात आणि तूप घेऊन गेली होती, पण किती द्यायचं ते सध्या तेच ठरवतात, डबा परत आला. पोरगी माझ्याशी बोलत नाही, मावशीने चुगली केली म्हणते. बरं, म्हणू दे.

आजींना सासूबाईंचं पापाचं वाक्य वाचून दाखवलं. म्हणाल्या, अर्धं मी घेते.

मुठाकाठ, विपूत (माझ्या विचारपुशीत) फोन नंबर द्याल का? सोमवारनंतर घरी सोडतील म्हणतात, आणि ताईला पहिल्या आठवड्याबद्दल तुमच्याशी बोलायचंय. भाऊजीही ऐकायला बसणार आहेत.