फ्लोटेशन टँक: झोपेसाठी कोणी करून पाहिलंय का? (नेरुळ, बजेट ३०००)

नेरुळची_अनघा
नमस्कार मंडळी. ऐरोलीला कामाला आहे, महिन्यातले पंधरा दिवस नाइट शिफ्ट. सकाळी घरी येऊन पडदे ओढून पडते, पण डोकं काही थांबत नाही. मान आणि उजवा खांदा दगड झालाय. ऑफिसातल्या एकीने फ्लोटेशन टँक सुचवला. मिठाच्या कोमट पाण्यात, अंधारात तासभर नुसतं तरंगायचं. एका स्पाला फोन केला तर २८०० सांगितले. जाण्यायेण्यासकट ३००० च्या वर जायचं नाहीये. झोपेला खरंच फरक पडतो का? आणि मला लिफ्टमध्येही गुदमरतं, झाकणाच्या टँकमध्ये जमेल का? स्वतः जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

घोडबंदरवासी
तीन हजार एका तासात घालवण्यापेक्षा मसाज चेअर घ्या. मी गेल्या दिवाळीला १ लाख ४० हजारांची घेतली. घरातले सगळे रोज बसतात, सासरेबुवा तर दोनदा. पैसे केव्हाच वसूल झाले.

नेरुळची_अनघा
दादा, बजेट ३००० आहे.

घोडबंदरवासी
ईएमआयवर मिळते.

सीमोल्लंघन
आम्ही जॉर्डनच्या बाजूने मृत समुद्रात उतरलो होतो. समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून जास्त खाली आहे तो. पाय टेकवायचे म्हटलं तरी टेकत नाहीत, पाणीच वर उचलतं. मिसेसने पाण्यात आडवं पडून अख्खं मासिक वाचलं. टँक ही त्याची नक्कल. पैसे साठवा आणि एकदा अस्सल जागी जाऊन या.

माधवी_पाचपाखाडी
अनघा, मी जाऊन आलेय, म्हणून कळकळीने सांगते. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी वॅक्सिंग, शेव्हिंग काहीही करू नकोस. मी सकाळीच पाय करून गेले होते. पाण्यात उतरल्यावर गुडघ्यापासून खाली अशी आग झाली की पहिली वीस मिनिटं त्यातच गेली. काउंटरवर कोणी एका शब्दाने बजावलं नव्हतं, अजून राग येतो. विळीने कापलेलं बोट असेल तर त्यावर व्हॅसलीनचा जाड थर दे. आणि ओल्या हाताने चेहऱ्याला शिवू नकोस. छतावर वाफ साचून थेंब कपाळावर पडतो, हात आपोआप तिकडे जातो आणि मीठ डोळ्यात. आत साध्या पाण्याचा स्प्रे आणि छोटा नॅपकिन कुठे आहे ते दिवा चालू असतानाच बघून ठेव.
बाकी, आग थांबल्यावर जे वाटलं ते फार छान होतं. कान पाण्याखाली असल्यामुळे स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येतात. मला बाळंतपणानंतर पहिल्यांदा इतकं शांत वाटलं.

कोपरीचा_काका
या सगळ्याची काही गरज नाही. ठाण्याहून वज्रेश्वरी-गणेशपुरीला जा, तानसेच्या काठी गरम पाण्याची कुंडं आहेत. आमचे वडील संधिवातासाठी दरवर्षी जात. ते नाही जमलं तर बादलीत दोन मुठी सैंधव टाकून पाय बुडवून बसा. मीठ ते मीठच.

रसायनशाळा
काका, मीठ ते मीठ नव्हे. सैंधव म्हणजे सोडियम क्लोराइड, टँकमध्ये असतं एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. एका टँकमध्ये जेमतेम फूटभर खोल पाणी आणि त्यात साडेतीनशे-चारशे किलोच्या पुढे मीठ. म्हणजे लिटरला अर्ध्या किलोहून जास्त. बादलीत दोन मुठींनी पाय शेकतील, तरंगणं होणार नाही. पाणी साधारण ३५ अंश ठेवतात, कातडीच्या तापमानाइतकं, त्यामुळे आपण कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते थोड्या वेळाने कळेनासं होतं.
अवांतर: ही कल्पना जॉन लिली या अमेरिकन डॉक्टरची, १९५४ ची. बाहेरून काहीच संवेदना आल्या नाहीत तर मेंदू झोपी जातो का, हे त्यांना बघायचं होतं. तेव्हा साधं पाणी होतं आणि तोंडावर मास्क लावून बुडून राहावं लागे.

कोपरीचा_काका
आमच्या वडिलांना गुण आला होता, एवढंच मला माहीत.

फिजिओ_खारघर
अनघाताई, थोडं सविस्तर लिहितो.
२०१८ मध्ये अमेरिकेत तुल्सा इथल्या लॉरिएट इन्स्टिट्यूटने चिंता आणि ताणाचे विकार असलेल्या ५० जणांना एकेक तास तरंगवलं. चिंता लगेच कमी झाली, स्नायूंचा ताणही. पण त्यांची तुलना दुसऱ्या उपचाराशी केली नव्हती. जर्मनीत जुनाट दुखण्याच्या ९९ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात सेशननंतर बरं वाटलं, पण पुढे टिकणारा फायदा दिसला नाही. तेव्हा डोकं शांत व्हायला जा, खांदा बरा करायला नको. त्वचेतून मॅग्नेशियम शरीरात जातं वगैरे सांगतील, त्याला भक्कम पुरावा नाही.
गुदमरण्याचं म्हणाल तर तुल्साचा टँक उघडाच होता, झाकण नव्हतंच. उघडा पूल किंवा खोलीसारखा टँक आहे का ते फोनवर विचारा. नसेल तर झाकण उघडं, दिवा चालू. मान पहिली दहा मिनिटं आपण नकळत उचलून धरतो, मानेखालची फुगवलेली रिंग मागून घ्या. हात डोक्याच्या वर सोडले की खांदा मोकळा पडतो. फिट्स, किडनीचा त्रास, खूप कमी बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सुट्टीच्या दिवशी जा, शिफ्ट संपवून नको. आणि पॅकेज घेऊ नका.

पामबीच_रोड
गाडीने जाणार असाल तर दुपारी जा. संध्याकाळी वाशीचा पूल म्हणजे सगळी शांतता तिथेच संपते.

घोडबंदरवासी
तुम्ही पुलाचं सांगताय, आमच्या मानपाड्याला या एकदा!

पामबीच_रोड
म्हणून तर मी नवी मुंबईत घर घेतलं.

सानपाडा_संध्या
+१ माधवीताई. शेव्हिंग अजिबात नको.

नेरुळची_अनघा
सर्वांचे आभार. परवा जाऊन आले. फिजिओदादा, तुमचं ऐकलं नाही, शिफ्ट संपवून थेट गेले, कारण डोकं तेव्हाच थांबत नाही. झाकण आधी उघडं ठेवलं. दहा-पंधरा मिनिटांनी स्वतःच हात वर करून ओढून घेतलं, आणि गुदमरलं नाही. आतून ढकललं की उघडतं हे आधी चार वेळा करून पाहिलं होतं. घरी येऊन अकरा ते पाच झोपले, मध्ये एकदाही जाग नाही. खांदा दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच. तरी तीन सेशनचं पॅकेज घेतलंय, ७२००. बजेट गेलं, पण सहा तासांची झोप मला गेल्या वर्षभरात मिळाली नव्हती.
माधवीताई, अंघोळ दोनदा केली तरी कानाच्या पाळीमागे पांढरं मीठ निघतंय, कानात पण चुरचुरतंय. काय करू?

माधवी_पाचपाखाडी
बड घालू नकोस. कोमट पाण्याने बाहेरून धू, मान तिरकी करून निथळू दे. दोन दिवसांत नाही थांबलं तर कानाच्या डॉक्टरांना दाखव. पुढच्या वेळी कानातले बोळे कोरड्या कानात, अंघोळीच्या आधीच घाल. आणि झोपलीस, खूप बरं वाटलं वाचून.